तेलक्षेत्रांच्या उतारवयाचा हिशेब लोकांपुढे मांडा

प्रति,
मा. मंत्री, पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्रालय, नवी दिल्ली
मा. महासंचालक, हायड्रोकार्बन महासंचालनालय
मा. अध्यक्ष, ओएनजीसी

महोदय,


जानेवारी 2025 मध्ये मुंबई हाय या तेलक्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड झाल्याचे जाहीर झाले. कराराच्या दहा वर्षांत इथले तेल आणि वायूचे उत्पादन 60 टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असेही सांगण्यात आले. बातमी वाचून बहुतेकांचा समज झाला की आज शंभर पिंपे तेल निघत असेल तर उद्या एकशे साठ पिंपे निघेल. निवेदनातली वाढ मात्र ‘आधारभूत उत्पादना’च्या तुलनेत होती. जुन्या क्षेत्रांच्या करारांत ही आधाररेषा साधारणपणे उतरती असते. नवे काहीच केले नाही तर क्षेत्र कसे घसरत जाईल, याचा तो अंदाज असतो.

आता साधे गणित करून पाहू. समजा, एखादे क्षेत्र दरवर्षी 7 टक्क्यांनी घटते आहे. आज तिथे शंभर पिंपे निघतात, तर दहा वर्षांनी अठ्ठेचाळीसच निघतील. त्या अठ्ठेचाळीसवर 60 टक्के वाढ मिळाली, तर आकडा सत्त्याहत्तरच्या आसपास जातो. म्हणजे 60 टक्क्यांची वाढ पूर्णपणे साधूनही उत्पादन आजच्यापेक्षा कमीच राहील. ही कामगिरी छोटी नव्हे. थकलेल्या क्षेत्रातून इतके तेल मिळवणे हे अभियंत्यांचे मोठेच यश ठरेल. पण आधाररेषा डोळ्यांसमोर नसेल, तर नागरिकाला हे यश मोजता येणार नाही आणि अपयशही ओळखता येणार नाही.

म्हणून हे पत्र. आपल्या प्रत्येक मोठ्या तेलक्षेत्राचे वय, त्याची घट आणि त्याच्याकडून उरलेली अपेक्षा यांचा सलग हिशेब दरवर्षी जनतेपुढे ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. जगातल्या सर्वात मोठ्या तेलक्षेत्रांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास या मागणीच्या बाजूने उभा आहे.

क्षेत्र म्हातारे होते म्हणजे काय, हे आपणास सांगण्याची गरज नाही; पण हे पत्र इतरही वाचणार आहेत. समुद्रतळाखाली तेलाचे तळे नसते. मुंबई हायचे बहुतांश तेल चुनखडकाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत भरलेले आहे. विहीर खणली की आतल्या दाबाने ते वर येते. उपसा होत जातो तसा दाब उतरतो. तो टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी प्रक्रिया करून दाबाखाली आत सोडतात. पण खडकात पाणी सगळीकडे सारख्या चालीने सरकत नाही. वाट मोकळी सापडेल तिथून ते पुढे धावते आणि तेलाला मागे टाकून विहिरीत शिरते. वरच्या बाजूने वायूचा थर खाली उतरू लागतो. प्लॅटफॉर्मवरच्या सेपरेटरमध्ये तेल, वायू आणि पाणी वेगळे होतात, आणि क्षेत्राचे खरे वय तिथेच कळते. तरुणपणी जवळपास निव्वळ तेल देणारी विहीर उतारवयात दहा पिंपांमागे आठ-नऊ पिंपे पाणी देऊ लागते. ते सगळे पाणी उचलायचे, वेगळे करायचे, स्वच्छ करायचे आणि मगच सोडायचे किंवा परत आत दाबायचे. खर्च वाढत जातो आणि तेल कमी होत जाते. भर उन्हाळ्यात गावची विहीर एका दमात उपसली तर झऱ्यांना सवड मिळत नाही आणि बादलीत गाळ येतो. तेलविहिरीलाही तशी घाई सोसत नाही. गावची विहीर निदान पावसाळ्यात भरून निघते.

ही घाई आणि तिच्यावर घातलेले पांघरूण काय करते, ते मेक्सिकोने अनुभवले आहे. कांपेचेच्या उपसागरात रुदेसिंदो कांतारेल नावाच्या मच्छीमाराला पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, आणि त्याच्याच नावाने पुढे जगातल्या सर्वात मोठ्या समुद्री तेलक्षेत्रांपैकी एक ओळखले जाऊ लागले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी युकातानजवळ आदळलेल्या अशनीने इथला खडक फोडून टाकला होता. त्या भेगाळलेल्या खडकातून तेल सहज वाहत असे. 1979 मध्ये उत्पादन सुरू झाले. 1990 च्या दशकात दाब उतरल्याचे स्पष्ट दिसू लागले, तेव्हा पेमेक्स या मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने जगातला सर्वात मोठा नायट्रोजन प्रकल्प उभारला. 2000 पासून रोज सुमारे 120 कोटी घनफूट नायट्रोजन क्षेत्रात दाबला जाऊ लागला. 1990 च्या दशकाच्या मध्यात 11 लाख पिंपांच्या घरात असलेले दैनंदिन उत्पादन 2004 मध्ये 21 लाखांवर गेले. मेक्सिकोच्या सरकारी तिजोरीत त्या काळी जमेच्या प्रत्येक तीन पेसोंपैकी जवळपास एक तेलातून येत होता.

मग घसरण सुरू झाली. वायूचा थर खाली उतरत होता, पाणी वर चढत होते आणि मधला तेलाचा थर दोन्ही बाजूंनी दबत होता. 2008 मध्ये उत्पादन 10 लाखांच्या आसपास आले आणि 2012 मध्ये 4 लाखांवर. पेमेक्सच्या अंतर्गत अभ्यासातले तीव्र घसरणीचे इशारे 2006 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून फुटले. तोवर जनतेपुढचे अधिकृत चित्र बरेच सौम्य होते. खडकाचे वर्तन अभियंत्यांना कळत होते, पण अर्थसंकल्प आखणाऱ्या आणि कर भरणाऱ्या मेक्सिकन माणसाला ते वेळेवर कळले नाही. आठ वर्षांत पाचव्या हिश्श्यावर येणाऱ्या क्षेत्रावर शाळांचा, रस्त्यांचा आणि निवृत्तिवेतनांचा भार ठेवला गेला होता.

सोव्हिएत संघाची गोष्ट याहून मोठी आहे. पश्चिम सैबेरियातल्या दलदलीत 1965 मध्ये सापडलेले समोत्लोर 1980 मध्ये रोज 30 लाखांहून अधिक पिंपे देत होते. मॉस्कोच्या योजनांना आकडा हवा होता, म्हणून विहिरी भराभर उपसल्या गेल्या आणि पाणी बेसुमार दाबले गेले. पुढे विहिरींतून वर येणाऱ्या द्रवात 90 टक्क्यांहून अधिक पाणीच येऊ लागले, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्पादन शिखराच्या लहानशा अंशावर आले. तेलाच्या पैशावर धान्य आयात करणाऱ्या राज्यव्यवस्थेला त्याची किंमत मोजावी लागली.

चीनच्या दाचिंगकडे मात्र आवर्जून पाहावे. 1959 मध्ये सापडलेल्या या क्षेत्राने 1976 ते 2002 अशी सलग 27 वर्षे दरसाल 5 कोटी टनांहून अधिक तेल दिले. सुरुवातीपासूनच पाणी दाबून दाब राखला गेला आणि नंतर पॉलिमर वापरून अडकलेले तेल ढकलले गेले. घट अटळ झाली तेव्हा तीही टप्प्याटप्प्याने स्वीकारली गेली. आधी 4 कोटी टनांची पातळी ठरवून ती वर्षानुवर्षे सांभाळली, नंतर 3 कोटींची. एव्हाना चीन 1993 पासून निव्वळ आयातदार झाला होता. दाचिंगवर कायमचे विसंबून राहता येणार नाही, हे धोरणातही मान्य झाले होते. म्हातारपण दाचिंगलाही चुकले नाही, पण त्याने कोणाला बेसावध गाठले नाही.

सौदी अरेबियाच्या घवारचे उदाहरण तर थेट आपल्या पंपावर येऊन पोहोचते. सुमारे 280 किलोमीटर लांबीचे हे जगातले सर्वात मोठे पारंपरिक तेलक्षेत्र 1948 मध्ये सापडले आणि 1951 मध्ये वाहू लागले. 1980-81 च्या सुमारास ते रोज 50 लाखांहून अधिक पिंपे देत होते. अरामको ही तिथली तेल कंपनी पूर्णपणे सौदी सरकारच्या हाती गेल्यानंतर मात्र क्षेत्रवार आकडे बाहेर येणे थांबले आणि जगाने अंदाजांवर काम चालवले. 2005 मध्ये अमेरिकी बँकर मॅथ्यू सिमन्स यांनी ‘ट्वायलाइट इन द डेझर्ट’ या पुस्तकात तांत्रिक शोधनिबंध चाळून सौदी क्षेत्रे लवकरच कोसळतील, अशी भीती मांडली. सौदी उत्पादन पुढे वाढले आणि सिमन्स यांनी सांगितलेली वेळ चुकली. दुसऱ्या बाजूला, घवार अजूनही 50 लाखांहून अधिक पिंपांचे क्षेत्र आहे, असे धरून अनेक सरकारी तक्ते छापले जात राहिले. एप्रिल 2019 मध्ये अरामकोने रोखे विक्रीस काढले, तेव्हा तिच्या माहितीपत्रकातून जगाला कळले की घवारची कमाल शाश्वत क्षमता रोज 38 लाख पिंपे आहे आणि तिथे सुमारे 4,825 कोटी पिंपे तेल शिल्लक आहे. भीती आणि निर्धास्तपणा, दोन्ही एकाच अंधारातून आले होते.

यातून हेही दिसले की इतकी वर्षे जपलेला आकडा उघड झाल्याने अरामकोचे काही बिघडले नाही. कर्ज देणाऱ्यांनी हिशेब मागितला आणि तो मिळाला. ओएनजीसीचे अर्ध्याहून अधिक भागभांडवल भारत सरकारकडे, म्हणजे या देशाच्या नागरिकांकडे आहे. रोखे घेणाऱ्या परदेशी गुंतवणूकदाराला जे मिळते, ते मालकाला मिळायला काय हरकत असावी?

नॉर्वेने तर हा प्रश्न कधी पडूच दिला नाही. एकोफिस्क हे क्षेत्र 1969 मध्ये सापडले. तेलाच्या उपशाने तिथला समुद्रतळ इतका खचला की 1987 मध्ये प्लॅटफॉर्म सहा मीटरने उचलावे लागले. स्टाटफ्योर्डने एकेकाळी एका दिवसात साडेआठ लाख पिंपे दिली होती. आज ते सरत्या वयात आहे. या प्रत्येक क्षेत्राचे मासिक उत्पादन, उरलेला साठा आणि विहिरींची नोंद नॉर्वेचे संचालनालय कोणालाही पाहता येईल अशी ठेवते. अमेरिकेतल्या अलास्कातही प्रुडो बेच्या विहिरींचे आकडे राज्याची नियामक संस्था प्रसिद्ध करते. 1980 च्या दशकात रोज सुमारे 15 लाख पिंपे देणारे ते क्षेत्र आता 3 लाखांच्या खाली आहे, आणि तेलनळीत किती तेल उरले, हे तिथल्या शाळकरी मुलालाही शोधून काढता येते. या दोन्ही ठिकाणी कंपन्या आल्या, पैसे गुंतवले आणि नफाही कमावला. उघड हिशेबाने कोणी पळाले नाही.

मुंबई हायसाठी आपण ज्या कंपनीला आणले आहे, तिचाच इराकमधला अनुभव इथे उपयोगी पडेल. 2009 मध्ये बीपी आणि चिनी भागीदाराने बसऱ्याजवळच्या रुमैला क्षेत्रासाठी करार केला. तेव्हा तिथे रोज सुमारे साडेदहा लाख पिंपे निघत होती आणि लक्ष्य होते 28.5 लाखांचे. 2014 मध्ये ते 21 लाखांवर आणावे लागले. प्रत्यक्ष उत्पादन 14-15 लाखांच्या आसपास स्थिरावले. म्हणजे वाढ खरी होती आणि लक्ष्य अवास्तव होते. इराकी नागरिकाला हे दोन्ही एकदम सांगता येते, कारण सुरुवातीचा आकडा, घसरणीची गृहीत रेषा आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी माहीत होत्या. मुंबई हायबद्दल दहा वर्षांनी आम्हालाही असेच बोलता यावे.

मुंबई हायची आपली कहाणी या जागतिक कहाणीपेक्षा वेगळी नाही. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर तेल शोधले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलसंकटाने पोळलेल्या देशाला हा मोठा आधार होता. उरणचा प्लँट, न्हावा बंदरातला पुरवठा तळ, जुहूहून उडणारी हेलिकॉप्टरे, थळचे खत: या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची चूल त्या वायूवर आणि तेलावर चालली. 1980 च्या दशकात उत्पादन रोज सुमारे 4.7 लाख पिंपांपर्यंत गेले. तेव्हाही आकडा हवा होता, आणि उपसा खडकाच्या सोसण्यापलीकडे गेला. वायूचे प्रमाण वाढलेल्या विहिरी पुढे बंद ठेवाव्या लागल्या. देशाचे खनिज तेल उत्पादन 1989-90 मध्ये 3.4 कोटी टन होते, ते 1992-93 मध्ये 2.7 कोटींवर आले. आखाती युद्ध आणि परकीय चलनाची चणचण याच सुमाराची. देशाला तेलाची सर्वाधिक निकड होती नेमकी तेव्हाच मुंबई हायला विश्रांती द्यावी लागली. पुढे 2000 नंतर पुनर्विकासाचे प्रकल्प आले, नव्या विहिरी खणल्या गेल्या आणि घट रोखून धरली गेली. त्या अभियंत्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. 27 जुलै 2005 च्या आगीत मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर 22 जणांनी जीव गमावला. या तेलाची किंमत माणसांनीही मोजली आहे. तरीही आज उत्पादन सुमारे 1.3 लाख पिंपांवर आले आहे.

अंदाजावर घरे बांधण्याचा फटका महाराष्ट्राला बसलेलाच आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 क्षेत्रातून रोज 8 कोटी घनमीटर वायू येईल, या हिशेबावर देशभर वीज प्रकल्प उभे राहिले किंवा विसंबले. वायू 2009 मध्ये आला, वर्षभरात 6 कोटींच्या घरात गेला आणि मग उतरत राहिला. दाभोळचा रत्नागिरी वायू वीज प्रकल्प 2013 मध्ये बंद पडला, कारण जाळायला वायूच नव्हता. गुहागर तालुक्यातल्या कामगाराला आणि कोकणातल्या वीजग्राहकाला खडकातल्या दाबाची बातमी प्रकल्प थांबल्यावर मिळाली. त्या क्षेत्राचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली दरी दरवर्षी उघड होत गेली असती, तर प्रकल्पांची आखणी वेळेत बदलता आली असती.

धोरणही अशाच अंधारात ठरते. मार्च 2015 मध्ये पंतप्रधानांनी तेल आयातीवरचे अवलंबित्व 2022 पर्यंत 77 टक्क्यांवरून 67 टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य ठेवले. 2023-24 मध्ये ते 87 टक्क्यांच्या पुढे गेले होते. मागणी वाढली हे एक कारण, पण 2011-12 मध्ये 3.8 कोटी टनांवर असलेले देशी उत्पादन 2.9 कोटींच्या आसपास उतरले, हे दुसरे. त्या उत्पादनाचा मोठा भाग म्हाताऱ्या क्षेत्रांतून येतो, हे 2015 मध्येही ठाऊक होते. क्षेत्रवार घटीचा तक्ता त्या लक्ष्याशेजारी ठेवला असता, तर इलेक्ट्रिक वाहने, रेल्वे आणि सार्वजनिक बस यांवरचा भर तेव्हापासूनच अधिक गंभीरपणे वाढवावा लागेल, हे कोणालाही दिसले असते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2008 मध्ये जगातल्या सुमारे 800 क्षेत्रांचा अभ्यास करून सांगितले होते की शिखर ओलांडलेल्या क्षेत्रांची सरासरी घट वर्षाला 6.7 टक्के आहे. 2025 च्या तिच्या अहवालानुसार जगभरच्या तेल-वायू उत्खननातल्या गुंतवणुकीपैकी जवळपास 90 टक्के पैसा केवळ ही घट भरून काढण्यात जातो. आपण ज्या घवार, बुर्गान आणि रुमैलावर विसंबून आहोत, तीही याच नियमात बसतात. कुवेतच्या बुर्गानबाबत 2005 मध्ये तिथल्या कंपनीच्या अध्यक्षांनीच सांगितले की 20 लाख पिंपांऐवजी 17 लाख हीच त्याची टिकाऊ पातळी आहे. आणि विशाखापट्टणम, मंगळुरू व पादूरच्या गुहांत आपण साठवू शकतो ते 53.3 लाख टन. म्हणजे देशाची साडेनऊ दिवसांची गरज. दुसऱ्या टप्प्यातल्या 65 लाख टनांना 2021 मध्ये मंजुरी मिळाली. ही कामे किती लवकर करायची, हे ठरवायलाही घटीचाच हिशेब लागतो.

मासिक अहवालांत आपण उत्पादन आणि उद्दिष्ट यांचे आकडे देता, याची जाणीव आहे. त्यापुढची पाच पावले मागतो आहे:

1. मुंबई हाय, नीलम-हीरा, वसई, अंकलेश्वर, आसाममधली जुनी क्षेत्रे आणि बारमेरचे मंगला, अशा प्रत्येक मोठ्या क्षेत्राचे एक वार्षिक पान प्रसिद्ध करावे. त्यात सुरुवातीपासूनचे उत्पादन, चालू आणि बंद विहिरी, द्रवातले पाण्याचे प्रमाण, वर्षाची घट आणि उरलेला साठा असावा. हे पान इंग्रजीबरोबर मराठीत, गुजरातीत आणि आसामीतही असावे.

2. मुंबई हायच्या कराराची आधाररेषा वर्षवार, ठळकपणे मांडावी आणि दरवर्षी प्रत्यक्ष उत्पादन तिच्याशेजारी ठेवावे.

3. साठ्याचे स्वतंत्र लेखापरीक्षण ठरावीक काळाने करून त्याचा गोषवारा संसदेत ठेवावा.

4. आयात, सामरिक साठा आणि वीज यांबाबतच्या प्रत्येक मोठ्या लक्ष्यासोबत ते कोणत्या घटीवर आधारले आहे, हे सांगावे.

5. प्लॅटफॉर्म आणि तेलनळ्या आयुष्य संपल्यावर काढण्यासाठी किती निधी जमा आहे आणि उरण-न्हावा परिसरातल्या रोजगाराची पुढची सोय काय, हे किनाऱ्यावरच्या लोकांना आत्ताच कळावे.

गोपनीयतेचा मुद्दा पुढे येईल, हे ठाऊक आहे. भूकंपीय नकाशे किंवा नव्या शोधांचे तपशील कंपनीने खुशाल राखावेत. मी वर्षानुवर्षे वाहत आलेल्या क्षेत्रांचा हिशेब मागतो आहे. ‘घट दिसली की भागधारक घाबरतील’ असेही म्हटले जाईल. भागधारक घाबरतो तो अचानक कळलेल्या घटीने. दाचिंगसारख्या आखलेल्या घटीने कोणी घाबरले नाही. शिवाय अभियंत्यांचेही यातच हित आहे. सात टक्क्यांची घट चार टक्क्यांवर आणणाऱ्या माणसाचे कौतुक आज होत नाही, कारण सात टक्के कोणाला दिसतच नाहीत.

2025 मध्ये संसदेने तेलक्षेत्र नियमन कायद्यात दुरुस्ती केली आहे, त्यामुळे या पाच गोष्टी नियमांत घालण्याची संधी आपल्या हातात आहे. सुरुवात मुंबई हायपासून करावी. बीपीच्या कराराच्या दहा वर्षांपैकी फार दिवस गेलेले नाहीत, म्हणून पहिले पान येत्या वार्षिक अहवालातच छापले जावे. त्या पानावरचा आकडा कमी निघाला तरी हरकत नाही. त्यावर देशाला आपली आखणी करता येईल. तो उशिरा कळला, तर आखणीला वेळच उरणार नाही.

उत्तराची अपेक्षा आहे, आणि ते याच वाचकांपुढे यावे, अशी विनंती.

आपला,
महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा एक करदाता